संगीताच्या थीमच्या पिनबॉलवर मोठा स्कोअर कसा करायचा?

जळगावच्या गेम झोनमध्ये बॉल लगेच खालून निघून जातो म्हणता, तर बहुधा दोन्ही फ्लिपर (बॉल मारणारे खालचे दोन दांडे) एकदम दाबत असाल. एकच दाबा. बॉल हळू घरंगळत आला की फ्लिपर वर धरून अडवा, थांबला की सोडा, मग मारा. टोकाजवळून मारलात तर तो पलीकडच्या बाजूला जातो, बुडाजवळून आपल्याच बाजूला.

स्टर्न या पिनबॉल कंपनीच्या २०१२ च्या एसी/डीसी (रॉक बँड) मशीनवर सुरुवातीलाच गाणं निवडता येतं. आवडीचं घेऊ नका. जमणाऱ्या शॉटवर गुण देणारं घ्या. खरी कमाई मल्टिबॉलमधल्या, म्हणजे एकाच वेळी अनेक बॉल खेळात असतानाच्या, जॅकपॉटची (मोठ्या गुणांच्या शॉटची).

मशीनला धक्का बेतानं द्या. आत गवंड्याच्या ओळंब्यासारखं वजन लोंबतं. ते भोवतीच्या कड्याला वारंवार लागलं की टिल्ट. फ्लिपर मेले, बोनसही गेला!