नवऱ्याला कळलं कधी?

मनीषनगरच्या एका ताईंचं पत्र आहे. बायपोलर आजार (मन कधी अति उत्साहात, कधी खोल नैराश्यात) लग्नाआधीपासूनचा, माहेरच्यांनी बोलणीत लपवला. लग्न २०२१ मध्ये झालं. आता ‘फसवून लग्न लावलं’ म्हणत नवऱ्याने लग्न रद्द करण्यासाठी नागपूरच्या कुटुंब न्यायालयात अर्ज केलाय. ताईंना संसार टिकवायचाय. भाऊ सांगतो, ‘मला कसलाच आजार नाही’ असं जबाबात लिहून टाक. लिहू का, असं विचारतात.

अजिबात लिहू नका.

अशी पत्रं बरीच येतात. सगळे आजारावर अडतात, केस ठरते तारखेवर. हिंदू विवाह कायद्याचं कलम १२, पोटकलम २ वाचा. फसवणूक कळल्यापासून १ वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो; कळूनही जोडीदार राजीखुशीने सोबत राहिला असेल, तरी अर्ज टिकत नाही. तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, की ऑगस्ट २०२२ मध्ये धंतोलीच्या दवाखान्यात तुम्हाला भरती केलं तेव्हा फॉर्मवर सही नवऱ्याचीच होती, आणि पुढे दोन वर्षं रक्तातलं लिथियम (या आजारावरचं औषध) तपासायला तेच स्कूटरवर न्यायचे. अर्ज केला २०२५ मध्ये! ताई, तुमचा सगळा बचाव त्या सहीत आहे. आजारच नाही म्हणालात तर ती सही कशाची म्हणून दाखवणार?

स्वतःचे उपचाराचे कागद मागायचा हक्क तुम्हाला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने दिलाय. दवाखान्यात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. अख्खी फाईल कोर्टात ओतू नका, सहीचं पान आणि तारखा पुरेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘गोळी घेतली का’ असे त्यांचे मेसेज असतील तर पुसू नका, फोनही बदलू नका.

आता थोडं रागावतो. बेलिफ पोळ्याच्या आठवड्यात समन्स देऊन गेला, तुम्ही ते देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात ठेवलंत आणि लिहिताय दसरा झाल्यावर. नैराश्यात पाकीट उघडवत नाही, हे मी समजू शकतो. पण माहेरी तीन धडधाकट माणसं आहेत, ती काय करत होती? जबाबाला ३० दिवस असतात, ते गेले. कोर्ट ९० पर्यंत वाढवून देऊ शकतं. त्यापुढे कोर्टाच्या मर्जीवर राहू नका. उशिराच्या माफीच्या अर्जाला डॉक्टरांचं पत्र जोडा. पुढे कोर्ट स्वतः तुमच्या उलटतपासणीला वर्ष लावेल, तो भाग वेगळा. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

हा अर्ज फसला तर ते कलम १३ खाली मानसिक विकाराच्या कारणावर घटस्फोट मागू शकतात. तिथे नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, सोबत राहणं अशक्य व्हावं इतकी तीव्रता दाखवावी लागते, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये राम नारायण गुप्ता प्रकरणात म्हटलंय. तुमच्या बाबतीत काय होईल, ते डॉक्टरांच्या साक्षीवर. आज सांगता येत नाही. वैद्यकीय तपासणीचा आदेश झालाच तर नकार देऊ नका, तो अंगलट येतो.

संसाराचं बोलणं न्यायाधीशांपुढे नको, समुपदेशकाकडे करा. यांना आजार खुपतोय की लपवणं, हे तिथेच कळेल. लपवणं असेल तर एकदा वडिलांनाही सोबत न्या.

आणि फॉर्मची प्रत मिळाली की आधी दोन झेरॉक्स काढा. मूळ प्रत भावाकडे ठेवू नका.