बोलण्याआधी विचारून घे

अनेक आशीर्वाद.

विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडवर काम केलंस आणि आता ते पाणी पिणाऱ्यांसमोरच बोलायला उभी राहणार आहेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. अवघड विषय सोपा कसा करायचा, असं तू विचारलंस. त्यावर बोलूच, पण त्याआधी मला वेगळंच विचारायचं आहे. या लोकांना त्यांच्या पाण्याबद्दल काय काय माहीत आहे, हे तू विचारलं आहेस का?

लोकांची डोकी म्हणजे रिकामी भांडी, आपण माहिती ओतली की झालं, ही समजूत आपल्या क्षेत्रात फार मुरलेली आहे. ती किती महागात पडते ते कम्ब्रियात दिसलं. 1986 च्या एप्रिलमध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली आणि मेच्या सुरुवातीला पावसाबरोबर किरणोत्सारी सिझियम इंग्लंडच्या या डोंगराळ भागात उतरलं. तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवर जूनमध्ये बंदी आली. तीन आठवड्यांत सगळं सुरळीत होईल, असं तज्ज्ञांनी ठामपणे सांगितलं. त्यांचा हिशेब चिकणमातीवर बेतलेला होता. चिकणमाती सिझियमला घट्ट धरून ठेवते. डोंगरावरची माती मात्र आम्लधर्मी, कुजलेल्या वनस्पतींची. तिथे सिझियम मोकळं राहिलं आणि मातीतून गवतात, गवतातून मेंढीत असं फिरत राहिलं. शेवटचे निर्बंध उठायला 2012 साल उजाडलं.

ब्रायन विन या समाजशास्त्रज्ञाने तिथल्या मेंढपाळांशी बोलून जे नोंदवलं, ते मला याहून महत्त्वाचं वाटतं. सिझियमवर बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचा उपाय चालतो का, हे बघायला तज्ज्ञांनी मेंढ्या कुंपणात कोंडल्या. डोंगरावर मोकळ्या चरणाऱ्या मेंढ्या अशा कोंडल्या की खंगतात, मग मोजमापाला काय अर्थ, असं मेंढपाळ सांगत होते. कुणी मनावर घेतलं नाही आणि शेवटी प्रयोग गुंडाळावा लागला. एका तज्ज्ञाने तर मेंढ्यांना पेंढा घालायला सांगितलं, ज्याला त्या तोंडही लावत नाहीत. अंदाज चुकतात, हे शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. आपल्याला कुणी विचारतच नाही, हे त्यांच्या मनाला लागलं.

म्हणून सभेच्या आधी एकदा जा आणि पाणी भरणाऱ्या बायकांशी बोल. पाणी खराब आहे म्हटल्यावर त्या काय करतात, ते विचार. बऱ्याच घरांत उत्तर येईल, ‘उकळून पितो.’ उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट वाफ होऊन पाणी आटतं आणि उरलेल्या पाण्यात त्याचं प्रमाण वाढतं. जी बाई जळण खर्चून मुलांसाठी पाणी उकळते आहे, तिला हे सर्वांत आधी कळायला हवं, आणि तेही तिला ओशाळं न करता. तू विचारलं नाहीस तर तुझ्या स्लाइडमध्ये ही गोष्ट येणारच नाही.

आता आकड्यांबद्दल. 1995 मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला, की नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका दुप्पट होतो. ते खरंच होतं, पण सुमारे 7,000 बायकांमागे एकीऐवजी दोघींना, एवढाच त्याचा अर्थ. ‘दुप्पट’ ऐकून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले. गुठळ्यांचा धोका गर्भारपणात त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो!

तेव्हा ‘तुमच्या विहिरीत मर्यादेच्या दुप्पट फ्लोराइड आहे’ एवढं बोलून थांबू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे 1.5 मिलिग्रॅम आहे हे सांग, पण लगेच पुढे सांग, की एक पेला प्यायल्याने काही बिघडत नाही; वर्षानुवर्षं प्यायल्याने, विशेषतः दात घडण्याच्या वयातल्या मुलांच्या दातांवर डाग पडतात आणि प्रमाण फार जास्त असेल तर हाडं-सांधे आखडतात. मग कोणत्या विहिरीचं पाणी पिण्या-स्वयंपाकाला घ्यायचं आणि कोणतं धुण्याला, ते नाव घेऊन सांग. लोक त्यासाठीच आलेले असतील.

तुझे नमुने एकाच ऋतूतले असतील तर तेही स्वतःहून सांग. पाण्याची पातळी बदलली की आकडा बदलू शकतो. हे लोकांना पटतं, कारण आपली विहीर वर्षभर त्यांच्या डोळ्यांसमोर असते.

सोपी भाषा त्यातून आपोआप येईल, त्याची फार काळजी करू नकोस. सभेची निम्मी वेळ त्यांच्या प्रश्नांसाठी मोकळी ठेव आणि कुणाला तरी ते उतरवून घ्यायला बसव. उत्तर देता आलं नाही असे प्रश्न मला पाठव. पुढचे नमुने कुठून आणि कधी घ्यायचे, ते त्यावरूनच ठरवू.