एकच मेनफ्रेम, म्हणजे मोठा सामायिक संगणक, अनेक जण एकाच वेळी कसा वापरायचे?

खरं तर ‘एकाच वेळी’ नव्हेच. यंत्र प्रत्येकाला क्षणभर वेळ देऊन पुढच्याकडे वळायचं. माणसाचं टायपिंग त्याच्या मानाने इतकं संथ, की कुणाला पत्ताही लागत नसे.

ही पद्धत येण्याआधी प्रोग्रॅम पंचकार्डांवर (भोकं पाडलेल्या कार्डांवर) उतरवून त्यांचा गठ्ठा ऑपरेटरकडे द्यायचा आणि तासन्‌तास वाट बघायची. एक स्वल्पविराम चुकला की पुन्हा रांगेत!

फर्नांडो कॉर्बाटो आणि सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये एमआयटीत आयबीएम ७०९ या संगणकावर अशी पाळीपाळीने वेळ वाटणारी प्रणाली, सीटीएसएस, चालवून दाखवली. तेव्हा टर्मिनल्स, म्हणजे वापरणाऱ्यांच्या टायपिंगच्या जागा, फक्त चार. पुढे आयबीएम ७०९४ वर मेमरीचे दोन कप्पे केले, प्रत्येकी ३२,७६८ शब्दांचे. एकात सुपरवायझर, म्हणजे पाळ्या सांभाळणारा मुख्य प्रोग्रॅम, ठाण मांडून; दुसऱ्यात ज्याची पाळी त्याचा प्रोग्रॅम. पाळी संपली की गरजेप्रमाणे तो बाहेर ड्रम किंवा डिस्क या चुंबकीय साठ्यावर, आणि पुढचा आत.

माझ्या मते सगळ्यात गमतीचा भाग पासवर्डचा. यंत्र सामायिक, फायली मात्र ज्याच्या त्याच्या, म्हणून तो आला. पण १९६२ मध्येच ॲलन शेर या विद्यार्थ्याला आठवड्याचे ठरलेले चार तास पुरेनात, तेव्हा पठ्ठ्याने पासवर्डांची अख्खी फाइलच छापून घेतली.