पेट्रा रोमनांनी बांधलं का? तिथली संस्कृती कशी होती? आणि बघायला एक दिवस पुरतो का?

रोमनांनी नाही, नबाती अरबांनी. आजच्या जॉर्डनमधलं पेट्रा ही त्यांची राजधानी. हे इतक्या तिडकीने लिहायचं कारण आमचे साडू. प्रत्येक लग्नकार्यात पंगतीला बसलं की त्यांचं सुरू होतं, "उंटवाल्यांना असलं काय जमणार हो, ती रोमन कामं!" आणि मी पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेला माणूस, मला ते सहन होत नाही.

आम्ही दोन्ही कुटुंबं एकाच टूरने जॉर्डनला गेलो होतो. शहरात शिरायची वाट म्हणजे सीक, साधारण १.२ किलोमीटरची अरुंद घळ. बाकी मंडळी मोबाईल वर धरून चाललेली, कारण घळ संपली की समोर खझना, म्हणजे कड्यात कोरलेली ती प्रसिद्ध खांबांची दर्शनी भिंत. मी मात्र भिंतीच्या बुडाशी बघत होतो. शिरताना डाव्या हाताला खडकात कोरलेला पाट, वर झाकायला दगडी फरश्या, अधूनमधून गाळ बसावा म्हणून कुंड्या. उजव्या हाताला भाजक्या मातीचे नळ, एकाचं तोंड दुसऱ्यात बसवलेलं. पाणी यायचं शेजारच्या वादी मूसा गावाकडच्या झऱ्यांवरून. मी वाकून सांधा कसा भरलाय ते बघतोय, तोच टूर मॅनेजर ओरडला, "काका, चला, ग्रुप फोटो राहिलाय." आणि साडू सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढे पैसे भरून गटार बघायला आलात काय?"

गटार! तिथे वर्षाला पाऊस पडतो जेमतेम १५० मिलिमीटर. आमच्या माणदेशात त्याच्या तिपटीच्या आसपास पडतो, तरी उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बसतो आम्ही. आणि तो पाऊसही एकदम कोसळतो, लोंढा थेट घळीत शिरतो. म्हणून नबात्यांनी सीकच्या तोंडाशीच बांध घातला आणि डोंगर पोखरून पूर बाजूला वळवला. पुढे तो बांध निकामी झाला. १९६३ मध्ये असाच लोंढा आला आणि सीकमध्ये वीसहून जास्त फ्रेंच पर्यटक वाहून गेले. मग सरकारने तिथेच पुन्हा बांध घातला. याहून वेगळं सर्टिफिकेट काय पाहिजे?

ही नबाती मंडळी मूळची फिरस्ती. ऊद आणि गंधरस दक्षिण अरबस्तानातून उंटांवर आणायचे आणि भूमध्य समुद्राकडे पोचवायचे. वाळवंटात जमिनीखाली त्यांची गुप्त टाकी असायची, तोंड लहान, आत ऐसपैस. इ.स.पू. ३१२ मध्ये अलेक्झांडरचा एक सेनापती अँटिगोनस याचं सैन्य चालून आलं, पण त्याला ही मंडळी काही आवरली नाहीत. खझना साधारणपणे चौथ्या अरेटस राजाच्या काळातला धरतात (इ.स.पू. ९ ते इ.स. ४०). रोमन सम्राट ट्राजनने हे राज्य घेतलं इ.स. १०६ मध्ये. म्हणजे साडूंच्या रोमनांना सगळं आयतं मिळालं.

हे सांगितल्यावर साडूंनी बाजू बदलली, "मग आपल्या वेरूळवरून शिकले असतील, कळसापासून खाली कोरत आलेत." अहो, कैलास आठव्या शतकातला! सातशे वर्षं आधीच्या माणसाने काय स्वप्नात बघून नक्कल केली? आपला खरा संबंध आहे तो व्यापारातला. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी पुस्तकात तांबड्या समुद्रावरच्या एका बंदरातून पेट्राला जाणारा रस्ता आहे, नबाती राजाचं नाव आहे आणि त्याच पुस्तकात सोपारा, कल्याण, पैठण, तेर हेही आहेत. पण ते वाचायचे कष्ट कोण घेणार.

संस्कृतीचंही विचारलंय तुम्ही. त्यांचा मुख्य देव दुशारा, आणि त्याची मूर्ती म्हणजे बहुतेक ठिकाणी नुसता चौकोनी दगड. सीकच्या भिंतीत असे देव्हारे आहेत, एका दगडाला तर फक्त डोळे आणि नाक. शेंदूर न लावलेला म्हसोबाच. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने लिहून ठेवलंय की पेट्रात परदेशी लोक एकमेकांवर आणि स्थानिकांवर दावे लावत, स्थानिक मात्र आपसात कधीच कोर्टात जात नसत. माझ्या सासुरवाडीला हे वाचून दाखवायला हवं.

आता साडूंच्या बाजूचंही सांगतो. खझनाचे खांब ग्रीक धाटणीचे आहेत, हे खरं. रोमनांनीही नंतर तिथे बांधकामं केली. ३६३ च्या भूकंपात बरंच कोसळलं, त्यामुळे गावातली घरंदारं फारशी दिसत नाहीत, दिसतात ती मुख्यतः थडगी. खझनाही बहुधा थडगंच, तिजोरी नव्हे.

राहिला एक दिवसाचा प्रश्न. टूरवाले दुपारच्या जेवणाआधी बाहेर काढणार असतील, तर नाही पुरत. वादी मूसात मुक्काम करा आणि दार उघडताच आत शिरा. अद-दैर या वर डोंगरात कोरलेल्या वास्तूला आठशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघे धड असतील तर चढा, गाढवावर बसू नका. आणि बरोबर कोणी साडू असलाच, तर त्याला खझनासमोर फोटो काढत बसवून पाटाकडे एकटेच जा.