जॅकवेलमध्ये डायव्हर उतरवताना

बाबा रे, जॅकवेलमध्ये, म्हणजे नदी-धरणाचं पाणी पंपाने उचलायच्या विहिरीत, बुडण्यापेक्षा खेचलं जाण्याची भीती धर. पाणी अडवणाऱ्या गेटच्या दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीत ३ मीटरचा फरक असला, तर ३० सेंटिमीटर व्यासाच्या भोकावर २०० किलोच्या वर जोर बसतो. हात गेला की निघत नाही. आधी दोन्हीकडची पातळी सारखी कर. पंप नुसता बंद ठेवू नकोस, पॅनेलला कुलूप घाल, किल्ली डायव्हिंग सुपरवायझरच्या खिशात. आमच्याकडे शिफ्ट बदलली आणि नव्या ऑपरेटरने सवयीने बटण दाबलं. कुलूप होतं म्हणून निभावलं.

एरेशन टँकमध्ये, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडायच्या टाकीत, ब्लोअर (हवा फुंकणारं यंत्र) चालू असताना कुणालाच उतरवायचं नाही, त्या फेसाळ पाण्यात माणूस तरंगत नाही. आणि नुसता पाठीवर सिलिंडर बांधून येणारा स्वस्त ठेकेदार? दारातूनच परत पाठव. हवा वरून नळीने, बोलायला वायर, काठावर दुसरा डायव्हर तयार.