शेजाऱ्याचा बांबू माझ्या अंगणात उगवतोय, यावर काही कायदा आहे का?

आहे, पण तो गावागणिक बदलतो. म्हणून आधी आपल्या नगरपालिकेचे नियम पाहा. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात 2013 पासून धावत्या, म्हणजे जमिनीखालून दूरवर पसरणाऱ्या बांबूसाठी वेगळा कायदा आहे. तो शेजारच्या हद्दीत पसरू दिला, तर नुकसानीची जबाबदारी लावणाऱ्याची. व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीतही 1 जानेवारी 2023 पासून असाच नियम लागू आहे.

हे नियम धावत्या जातींसाठी आहेत. बेटासारखा एका जागी वाढणारा बांबू सहसा त्यांत येत नाही, त्यामुळे तक्रारीआधी जात नक्की ओळखा.

वर दिसणारे कोंब नुसते छाटून भागत नाही! खरा पसारा जमिनीखालच्या आडव्या खोडाचा असतो आणि तो बहुतेक वरच्या फूटभर मातीतच धावतो. म्हणून हद्दीवर दोन-अडीच फूट खोल चर खणून जाड प्लास्टिकचा अखंड पडदा उभा करतात. त्याची कड मातीवर दोन इंच ठेवावी, म्हणजे वरून ओलांडणारं खोड दिसतं आणि कापता येतं. आपल्या बाजूचे कोंब आपण कापू शकतो, पण शेजाऱ्याच्या जागेत तणनाशक मारू नका, त्यात तुम्हीच अडकाल. फोटो तारखेसह ठेवा, आधी बोला, मग लेखी कळवा.