जर्मनीला नोकरीसाठी निघालेल्या पुणेकर मित्रास

ऑफर लेटर आलं म्हणून लगेच तिकीट काढू नकोस. आधी पासपोर्ट आणि डिग्री शेजारी ठेवून नाव तपास. आपली खरी अडचण इथेच होते. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं आणि खाली आईचं. पासपोर्टवर मात्र दोनच रकाने, नाव आणि आडनाव. वडिलांचं नाव एकीकडे असेल आणि दुसरीकडे नसेल, किंवा स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' जास्त असेल, तर ते आत्ताच निस्तर. पासपोर्टमध्ये बदल हवा असेल तर मुंढव्याच्या सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घे. व्हिसाचा अर्ज नव्या पासपोर्टवरच कर.

मग 'अनाबिन' या, परदेशी पदव्यांना जर्मनीत मान्यता आहे का ते दाखवणाऱ्या जर्मन डेटाबेसमध्ये तुझं विद्यापीठ आणि पदवी शोध. दोन्ही मान्य दिसली तर प्रिंट काढून ठेव. पदवी तिथे नसेल तर बॉन येथील संस्थेकडून तुल्यता प्रमाणपत्र (आपली पदवी जर्मन पदवीच्या तोडीची असल्याचा कागद) मागवावं लागतं, त्याला वेळ जातो.

पगार पुरेसा असेल तर कंपनीला ब्लू कार्डबद्दल, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांसाठीच्या निवास परवान्याबद्दल विचार. त्यासाठीची किमान पगाराची मर्यादा दरवर्षी बदलते, त्यामुळे कट्ट्यावरचा आकडा धरून बसू नकोस, दूतावासाच्या साइटवर बघ. वर्क परमिटचं वेगळं पुस्तक मिळत नाही, कामाची परवानगी व्हिसावरच नोंदलेली असते. टुरिस्ट व्हिसावर जाऊन 'तिथे बघू' म्हणणाऱ्या एजंटाला लांबूनच नमस्कार.

तिथे घर मिळालं की दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी कर. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तो चावी घेतानाच माग.